एकच टॉवेल, दर वेळी वेगळा आकडा: शेड आणि स्पर्श यांच्या मापनात वारंवार येणारी अडचण कशी शोधावी

लक्षणे

सकाळच्या पाळीत रंगमापक यंत्राखाली ठेवून मंजूर केलेला टॉवेल संध्याकाळी पुन्हा तपासला की नामंजूर ठरतो, आणि मधल्या वेळेत त्या टॉवेलला कोणी हातही लावलेला नसतो. ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. तिच्या जोडीने पुढील गोष्टी दिसू लागतात. नमुना उचलून पुन्हा त्याच जागी ठेवला तर उजळपणाचा आकडा, म्हणजे एल, लक्षणीय बदलतो, पण छटेचे ए आणि बी हे आकडे जवळपास जागेवर राहतात. आपल्या प्रयोगशाळेत डेल्टा ई, म्हणजे प्रमाण रंगापासूनच्या फरकाचा आकडा, मर्यादेत येतो आणि खरेदीदाराच्या प्रयोगशाळेत तोच नमुना बाहेर जातो. पांढऱ्या मालाचा शुभ्रतांक आपल्याकडे चांगला येतो, पण तिकडून 'पिवळट' असा शेरा येतो. जाडी मोजताना दोन माणसांचे आकडे जुळत नाहीत. मऊपणा हाताने ठरवणाऱ्या मंडळींनी काल जो नमुना पहिला लावला होता, तोच आज तिसरा लागतो.

यांतील पहिल्या दोन लक्षणांत आणि शेवटच्या दोन लक्षणांत काही नाते आहे, असे सहसा कोणाला वाटत नाही. शेडची तक्रार रंगखात्याकडे जाते, स्पर्शाची तक्रार फिनिशिंगकडे जाते आणि दोन्ही खाती आपापल्या परीने खुलासा देतात. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या प्रक्रियागृहात तपासणीचे काम करताना हाच प्रकार मी इतक्या वेळा सोडवला आहे की आता माझे मत पक्के झाले आहे. ही बहुतेक वेळा एकच तक्रार असते आणि तिचे मूळ यंत्रात नसून टॉवेलवरच्या लूपच्या, म्हणजे सुताच्या उभ्या फासांच्या, अवस्थेत असते.

टेरी टॉवेलला सपाट पृष्ठभाग असा नसतोच. तो शेतातल्या उभ्या पिकासारखा असतो. लूप ताठ उभे असतील तर प्रकाश त्यांच्या मधल्या खोबणीत शिरतो, इकडून तिकडे आपटत राहतो, दर आपटण्यात थोडा शोषला जातो आणि शेवटी फार कमी बाहेर येतो. त्यामुळे टॉवेल गडद दिसतो. तेच लूप आडवे पडले तर सुताच्या कडा वर येतात, प्रकाश वरच्यावर परततो आणि टॉवेल उजळ दिसतो. हाताला लागणारा मऊपणाही याच लूपच्या उभारीवर, त्यांच्या दबण्यावर आणि दबून पुन्हा उठण्यावर अवलंबून असतो. जे काही लूपला वाकवते, दाबते, भिजवते किंवा त्यावर थर चढवते, ते डोळ्याचा आणि हाताचा आकडा एकाच वेळी बिघडवते. म्हणून खालील तपासण्या मी शेड आणि स्पर्श अशा दोन भागांत न करता, स्वस्त तपासणी आधी आणि खर्चिक नंतर, या क्रमाने करतो.

यंत्र दोषी आहे का, हे आधी पाच मिनिटांत ठरवावे

धुतलेल्या पांढऱ्या मांजरपाटाचा एक तुकडा प्रयोगशाळेत कायमचा राखून ठेवावा. त्याच्या चार घड्या करून, कडा शिवून टाकून, तो काळ्या कागदाच्या पाकिटात अंधारात ठेवावा. शंका आली की प्रथम हा तुकडा यंत्राखाली ठेवून, न हलवता दहा वेळा मोजावा. टेबलावरचे चांगले यंत्र असेल तर या दहा आकड्यांत नगण्य फरक पडतो. त्यानंतर तोच तुकडा दर वेळी उचलून, पुन्हा ठेवून दहा वेळा मोजावा. शेवटी टॉवेल घेऊन हीच दोन्ही कामे करावीत.

या चार ओळी समोरासमोर लिहिल्या की उत्तर बहुधा लगेच मिळते. मांजरपाटाचे आकडे न हलवताही डळमळत असतील तर दोष यंत्रात किंवा विजेच्या पुरवठ्यात आहे. मांजरपाट दोन्ही प्रकारांत स्थिर असेल आणि टॉवेल मात्र उचलून ठेवल्यावर बदलत असेल, तर यंत्र निर्दोष आहे आणि नमुना ठेवण्याच्या पद्धतीत गडबड आहे. ही चाचणी न करता सर्व्हिस इंजिनिअरला बोलावणे म्हणजे पैसे आणि दोन दिवस वाया घालवणे होय. आपल्याकडच्या चादरीचा एकरंगी, सपाट विणीचा भागही या कामाला चालतो, परंतु नक्षीची किनार मापनाच्या खिडकीत येऊ लागली की घोटाळा होतो. मांजरपाटात ती भीती नाही.

हात कोणत्या दिशेने फिरला, हे पाहावे

याला खर्च शून्य आहे आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात. टॉवेल टेबलावर पसरून एका दिशेने तळहात फिरवावा, एकच जागा मोजावी. मग उलट दिशेने हात फिरवून तीच जागा पुन्हा मोजावी. गडद निळ्या, काळ्या किंवा मरून मालात या दोन आकड्यांतला फरक पुष्कळदा संपूर्ण मर्यादा खाऊन टाकण्याइतका असतो. बरेच खरेदीदार सीएमसी २:१ या रंगफरकाच्या सूत्राने डेल्टा ई १ एवढीच सवलत देतात, हे ध्यानात घेतले की केवळ तळहाताच्या दिशेने लॉट नापास कसा होतो ते समजते.

गडद मालातच हा त्रास जास्त का, याचे कारण प्रकाशाच्या हिशोबात आहे. कापसाच्या तंतूचा अपवर्तनांक १.५५ च्या आसपास असतो आणि त्यामुळे समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ ते ५ टक्के प्रकाश रंगात न शिरताच तंतूच्या पृष्ठभागावरून परततो. फिकट गुलाबी टॉवेल एकंदरीत ५०-६० टक्के प्रकाश परत पाठवत असेल तर त्यात या चार टक्क्यांचे महत्त्व थोडे असते. काळा टॉवेल मात्र मुळातच मोजके काही टक्के प्रकाश परत देतो, आणि त्यात पृष्ठभागावरून परतणाऱ्या या प्रकाशाचाच वाटा मोठा असतो. लूप जरा आडवे झाले की तो वाटा बदलतो आणि आकडा सरकतो.

उपाय साधा आहे. प्रत्येक नमुन्याच्या मागच्या बाजूला ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताच्या, दिशेने पेन्सिलीने बाण काढावा, मोजण्यापूर्वी बाणाच्या दिशेने एकदाच हलका हात फिरवावा, आणि नमुना ९० अंशांनी फिरवत चार वेळा मोजून सरासरी घ्यावी. विखुरलेले आकडे असतील तर वाचने वाढवण्याचा फायदा वर्गमुळाने होतो: चार वाचनांनी सरासरीतील अनिश्चितता निम्मी होते, पण ती आणखी निम्मी करायची तर सोळा लागतात. यासाठी आठ-दहा वाचनांपुढे जाण्यापेक्षा नमुना नीट ठेवण्यावर वेळ घालवलेला बरा.

घड्या, दाब आणि खिडकीत येणारा फुगवटा

एकेरी टॉवेलातून प्रकाश आरपार जातो आणि मागच्या धारकाचा रंग आकड्यात मिसळतो. तो जातो की नाही, हे पाहण्यासाठी नमुन्यामागे एकदा पांढरा आणि एकदा काळा कागद ठेवून मोजावे. आकडा बदलला तर एक घडी वाढवावी आणि तो बदलेनासा होईपर्यंत हेच करावे. टेरी टॉवेलाला सहसा दोन घड्या पुरतात. हलक्या, विरळ मालाला चार लागतात.

मात्र घड्या वाढल्या की दुसरे संकट येते. धारकाची स्प्रिंग जाड गठ्ठा पुढे रेटते आणि टॉवेल खिडकीतून आत, यंत्राच्या पांढऱ्या गोलाच्या पोकळीत फुगून शिरतो. अशा वेळी मापनाचे प्रतलच बदलते, शिवाय कडेचे लूप चेपले जाऊन मधले मोकळे राहतात. दोन माणसांचे आकडे न जुळण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे, कारण एक जण धारक अलगद सोडतो आणि दुसरा झटक्याने. फुगवटा रोखण्यासाठी यंत्रासोबत मिळणारी काच खिडकीवर लावता येते, पण काच स्वतः प्रकाश परतवते, त्यामुळे ती लावून मोजलेला आकडा न लावता मोजलेल्या आकड्याशी कधीही ताडून पाहू नये. मी काच टाळतो आणि सर्व नमुने सारख्याच घड्यांचे, सारख्याच जाडीचे ठेवतो.

खिडकी शक्य तितकी मोठी वापरावी, कारण लहान खिडकीत मोजकेच लूप येतात आणि त्यांतला एखादा वाकडा असला तरी सरासरी बिघडते. खिडकी बदलल्यावर आतल्या भिंगाची जागा त्या खिडकीला अनुरूप आहे ना ते पाहून पुन्हा कॅलिब्रेशन करावे. हे विसरले जाते, आणि मग दिवसभराचे सर्व आकडे सारखेच चुकतात, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

पांढरी टाइल आणि उडणारे तंतू

टॉवेलच्या कारखान्यात तंतूंचा धुरळा सगळीकडे असतो आणि तो कॅलिब्रेशनच्या पांढऱ्या टाइलवर, शून्य ठरवण्याच्या काळ्या सापळ्यात आणि गोलाच्या तोंडाशीही बसतो. मळकट टाइलवर कॅलिब्रेशन केले की यंत्र त्या मळालाच पूर्ण पांढरा मानते आणि पुढचा प्रत्येक नमुना असतो त्यापेक्षा उजळ दाखवते. टाइल सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, स्वच्छ पाण्याने खळबळून, तंतू न सोडणाऱ्या मऊ कापडाने पुसावी. पुसायला टॉवेलचाच तुकडा घेण्याचा मोह आवरावा, कारण त्यावर सॉफ्टनर, म्हणजे मऊपणा देणारे रसायन, असतो आणि त्याचा पातळ थर टाइलवर राहतो. टाइल साफ करून पुन्हा कॅलिब्रेशन केल्यावर यंत्राच्या पडताळणीची हिरवी टाइल मोजावी आणि यंत्र नवे असतानाच्या तिच्या आकड्यांशी ताडून पाहावी. पांढरी टाइल नेहमी बरोबरच येणार, कारण यंत्र तिच्यावरूनच स्वतःला जुळवते. यंत्राचे खरे आरोग्य हिरव्या टाइलवर कळते.

गोलाच्या आतल्या भिंतीला मात्र हात, ब्रश किंवा दाबाची हवा लावू नये. तो पांढरा लेप नाजूक असतो, एकदा खरवडला की तो दुरुस्त करणे आपल्या हाती राहत नाही.

ओलावा: सोलापुरात याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते

एके वर्षी मे महिन्यात आमच्याकडे सकाळ आणि दुपार यांचे आकडे आठवडाभर जुळेनात. मी यंत्राचा दिवा संपत आला असे ठरवले, तो बदलून घेतला, त्याचे बिल दिले आणि आकडे पूर्वीप्रमाणेच डळमळत राहिले. शेवटी हायड्रोवर, म्हणजे टॉवेल पिळून पाणी काढणाऱ्या यंत्रावर, काम करणारे एक अनुभवी कामगार नमुने द्यायला आले असता म्हणाले, "साहेब, अकराला कूलर चालू होतो. कूलर चालू झाला की टॉवेल पण पाणी पितो." त्या दिवसापासून मी नोंदवहीत प्रत्येक वाचनासमोर आर्द्रता लिहू लागलो आणि कोडे सुटले.

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि दुपारची हवा कडक कोरडी असते. वाळ्याचा कूलर त्याच हवेत पाणी मिसळून खोलीत सोडतो. सकाळी कूलर बंद असताना नमुना कोरडा, दुपारी तोच ओलसर, आणि पावसाळ्यात तर दिवसभर ओलसर. कापूस हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो. व्यापारी हिशोबात त्याचा मान्य ओलावा कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के धरतात. म्हणजे पूर्ण कोरडा असताना ५०० ग्रॅम भरणारा टॉवेल त्या अवस्थेत ४२.५ ग्रॅम पाणी बाळगून असतो. या पाण्याने तंतू फुगतात, लूप लवचीक होतात, हाताला टॉवेल अधिक गार आणि नरम लागतो. रिअॅक्टिव्ह रंगांची छटाही ओलाव्याने आणि उष्णतेने तात्पुरती सरकते. टम्बलरमधून नुकताच निघालेला टॉवेल तर गरमही असतो आणि कोरडाही, म्हणून त्यावर घेतलेला आकडा लिहूच नये.

पूर्ण भिजलेला टॉवेल गडद का दिसतो, याचेही कारण याच हिशोबात आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असतो, त्यामुळे पाणी आणि तंतू यांच्या सीमेवरून अर्ध्या टक्क्याच्या आसपासच प्रकाश परततो. उरलेला आत शिरून रंगात शोषला जातो. हवेच्या ओलाव्याने इतका टोकाचा बदल होत नाही, पण ओलसर टॉवेल मोजणे चूक का आहे ते यावरून पटावे.

प्रमाण वातावरण ठरलेले आहे. आयएसओ १३९ नुसार २० अंश सेल्सिअस, दोन अंश कमी-अधिक, आणि ६५ टक्के आर्द्रता, चार टक्के कमी-अधिक. आपल्या भारतीय मानकात आर्द्रता ६५ टक्केच आहे, पण तापमान २७ अंश धरले आहे. परदेशी खरेदीदाराच्या प्रयोगशाळेत २० अंश आणि आपल्याकडे २७ अंश असतील, तर दोन्ही ठिकाणी नियम पाळूनही थोडा फरक राहू शकतो. तो पत्रव्यवहारातच स्पष्ट करून घ्यावा. नमुना कोरड्या बाजूने ओलाव्याकडे न्यावा, कारण ओला टॉवेल सुकत येऊन थांबतो तेव्हा त्याच हवेत तो कोरड्यावरून आलेल्या टॉवेलापेक्षा जास्त पाणी धरून ठेवतो. तो तयार झाला की नाही, हे घड्याळावरून न ठरवता तराजूवरून ठरवावे: किमान दोन तासांच्या अंतराने केलेल्या दोन वजनांत ०.२५ टक्क्यापेक्षा कमी फरक आला की नमुना मोजण्यास योग्य समजावा. जाड टॉवेलाला यासाठी रात्रभर लागू शकते.

ज्या लहान कारखान्यात अशी खोली नाही, त्यांना मी एक तात्पुरता उपाय सांगतो. झाकण घट्ट बसणाऱ्या मोठ्या डब्यात, तळाशी पसरट भांड्यात मिठाचे संपृक्त द्रावण, म्हणजे तळाला न विरघळलेले मीठ दिसत राहील इतके दाट द्रावण ठेवावे आणि वर जाळीवर नमुने ठेवावेत. साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणावरील बंद हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर टिकते आणि तापमानाने ती फारशी हलत नाही. हे प्रमाण वातावरण नव्हे, त्यामुळे यावरचे आकडे खरेदीदाराला पाठवू नयेत. पण आपलाच कालचा लॉट आणि आजचा लॉट यांची तुलना करण्यासाठी दोन्ही एकाच अवस्थेत आणण्याचे काम हा डबा विश्वासाने करतो.

पांढऱ्या मालाची वेगळी गोष्ट

पांढऱ्या मालात एल स्थिर राहून बी सरकत असेल तर लूपचा विचार सोडून ऑप्टिकल ब्राइटनरकडे वळावे. हे द्रव्य डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषते आणि निळा प्रकाश बाहेर टाकते. त्यामुळे यंत्राच्या दिव्यात अतिनील किरण किती आहेत यावर शुभ्रतांक अवलंबून राहतो. झेनॉन दिवा जुना होत जातो तसे हे प्रमाण बदलते. बाजारात मिळणाऱ्या अतिनील टॉर्चने अंधारात टॉवेल पाहावा: तो निळसर उजळला तर ब्राइटनर आहे, आणि जागोजाग कमी-जास्त उजळला तर ब्राइटनरच असमान बसला आहे, म्हणजे दोष मालात आहे. यंत्रात अतिनील किरण गाळणारा फिल्टर लावलेला की काढलेला, हे आपले आणि खरेदीदाराचे सारखे हवे. चकाकीचा प्रकाश धरायचा की वगळायचा, याचेही तेच. टेरीवर या दोन पद्धतींत थोडाच फरक येतो, पण मर्सराइज्ड किंवा साटीन किनारीवर तो दिसण्याइतका मोठा होतो. खरेदीदाराचे यंत्र ४५ अंशांनी प्रकाश टाकणारे आणि आपले गोलाचे असेल तर दोघांचे टेरीवरचे आकडे जुळवण्याचा हट्ट सोडून द्यावा; दोन्ही यंत्रे लूपच्या सावल्या वेगवेगळ्या पद्धतीने पाहतात.

स्पर्शाचे आकडे

जाडी हा स्पर्शाचा सर्वांत स्वस्त आकडा आहे आणि सर्वांत जास्त चुकीचा घेतला जाणाराही. टॉवेलाला 'इतके मिलिमीटर' अशी जाडी नसतेच. 'इतक्या दाबाखाली इतके मिलिमीटर' अशी असते. आयएसओ ५०८४ मध्ये १ किलोपास्कल किंवा ०.१ किलोपास्कल असे दाब दिले आहेत आणि वजन टेकवल्यावर ३० सेकंदांनी वाचन घेण्यास सांगितले आहे. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेच्या फास्ट पद्धतीत जाडी दर चौरस सेंटिमीटरला २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम अशा दोन भारांखाली मोजून त्यांची वजाबाकी करतात. लूपच्या मोकळ्या थराचे माप म्हणून मला ही वजाबाकी नुसत्या जाडीपेक्षा कितीतरी उपयोगी वाटते, कारण गठ्ठ्यात दबून आलेला टॉवेल आणि नुकताच झटकलेला टॉवेल यांतला फरक तिच्यात लगेच उघड होतो. एकदा दाबलेल्या जागी दुसरे वाचन घेऊ नये. लूप पूर्ण उठलेले नसतात आणि दुसरा आकडा कमीच येतो.

हाताने पारखताना नमुने पडद्याआड ठेवावेत. रंग दिसला की माणूस हाताऐवजी डोळ्याने मऊपणा ठरवतो, हे मी वारंवार पाहिले आहे. फिकट, फुललेला टॉवेल न चाचपताच मऊ ठरतो. पारखणाऱ्यांनी हात साबणाने धुऊन, पूर्ण सुकवून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, कारण दमट त्वचेचे घर्षण वाढते. थंडीत कोरडी पडलेली आणि लूममध्ये घट्टे पडलेली बोटे लूपमध्ये अडकतात, त्यामुळे पारख करायला तेच चार-पाच जण आणि तीच वेळ ठेवावी. एका वेळी पाच-सहा नमुन्यांपेक्षा जास्त देऊ नयेत आणि त्यांत एक नमुना न सांगता दोनदा ठेवावा. जो पारखी त्याच नमुन्याला दोन टोकांच्या जागा देतो, त्याचा त्या दिवसाचा निकाल बाजूला ठेवावा.

कावाबाता पद्धतीच्या यंत्रांचे अहवाल कोणी दाखवले तर ते जपून वाचावेत. जपानमधील प्राध्यापक सुएओ कावाबाता यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत उत्कृष्ट आहे, पण ती मुख्यतः सुटिंगच्या सपाट कापडासाठी घडवली गेली. तिच्यातील पृष्ठभागाचे घर्षण मोजणारी तार टेरीच्या लूपवरून घसरण्याऐवजी त्यांत रुतते. टॉवेलासाठी त्यातला दाबाचा भाग मी ग्राह्य धरतो, खडबडीतपणाचा नाही.

फरक खरा असेल तेव्हा

वरचे सर्व करूनही आकडे वेगळे येत असतील आणि वेगळेपणाला दिशा असेल, म्हणजे लॉट दर वेळी गडदच आणि हाताला निसरडा येत असेल, तर मापन सोडून मालाकडे जावे. पहिली तपासणी ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब टाकण्याची. थेंब लगेच शोषला गेला तर ठीक; तो मोत्यासारखा वर बसून राहिला तर सिलिकॉन सॉफ्टनर जास्त झाला आहे. सिलिकॉनचा अपवर्तनांक १.४० च्या आसपास असतो, तंतूपेक्षा कमी आणि हवेपेक्षा जास्त. त्याच्या थरामुळे पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश घटतो आणि गडद शेड आणखी गडद होते. लॅब डिप, म्हणजे प्रयोगशाळेत रंगवलेला मंजुरीचा नमुना, सॉफ्टनरशिवाय मंजूर करून घेतला आणि लॉटला सॉफ्टनर दिला, तर हा फरक येणारच. म्हणून लॅब डिपलाही तोच फिनिश द्यावा.

शेड फिकट, धुरकट आणि स्पर्श राठ असेल तर पाण्याचा जडपणा तपासावा. उजनीचे पाणी आणि विंधन विहिरीचे पाणी आलटून पालटून वापरणाऱ्या ठिकाणी ही तक्रार पाणी बदलले त्या तारखांशी जुळते. नोंदवहीत तारखा ताडून पाहाव्यात. जड पाण्यातले कॅल्शियम सुतावर बसते, लूप ताठ करते आणि पांढरट पूट चढवते. नमुन्याचा अर्धा भाग कापून तो सौम्य अॅसेटिक आम्लाच्या पाण्यात बुडवावा, धुऊन सुकवावा आणि दोन्ही अर्धे शेजारी ठेवून मोजावेत व चाचपावेत. धुतलेला भाग स्वच्छ, भरीव रंगाचा आणि नरम झाला तर कारण पाणीच आहे आणि उपाय रंगखात्यात नसून पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनिंग प्लांटमध्ये आहे.

इथे थांबावे

पुढील अवस्थांत स्वतः काही उघडू नये आणि जाणकाराला बोलवावे. मांजरपाट न हलवताही आकडे डळमळत असतील. टाइल स्वच्छ करूनही हिरव्या टाइलचे आकडे महिन्यागणिक एकाच दिशेने सरकत असतील, कारण याचा अर्थ तरंगलांबीची मांडणी हलली आहे. पांढऱ्या टाइलला ओरखडा किंवा चीर पडली असेल. ती दुसऱ्या यंत्राच्या टाइलने बदलता येत नाही, कारण प्रत्येक टाइलचे मूल्य तिच्याच यंत्रात नोंदलेले असते. गोलाच्या आत पिवळेपणा किंवा डाग दिसत असतील. जाडीमापकाचे वजन टेकताना अडकत असेल किंवा शून्यावर परत येत नसेल.

खरेदीदाराशी मतभेद असेल आणि दोघांच्या पद्धती जुळवूनही तो मिटत नसेल, तर तिसऱ्या ठिकाणी जाण्यात कमीपणा नाही. एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत, किंवा मुंबईच्या बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत एकाच टॉवेलचे दोन तुकडे करून एक आपण ठेवावा व एक पाठवावा. पाठवताना टॉवेल गुंडाळून न दाबता सपाट, कागदात पाठवावा आणि सोबत बाणाची दिशा, घड्यांची संख्या, खिडकीचा आकार, अतिनील आणि चकाकीची मांडणी, आर्द्रता आणि तापमान लिहून द्यावे. सर्व्हिस इंजिनिअर आले तर त्यांच्यापुढे टॉवेल ठेवू नये. मांजरपाटाचा तो राखीव तुकडा आणि गेल्या सहा महिन्यांची हिरव्या टाइलची नोंद ठेवावी, कारण त्यांच्या कामाचे उत्तर त्या दोहोंतच असते.